बेगमी आणि साठेबाजी

सांगलीला आमच्या वाड्यात वसुबारसेच्या संध्याकाळी काका फटाक्यांची वाटणी करायचे. सतरंजीवर आम्ही नऊ भावंडं गोल करून बसायचो. काका लवंगी माळा सोडून सुट्ट्या करायचे, टिकल्यांच्या डब्या मोजायचे, फुलबाज्यांची पाकिटं फोडायचे आणि नऊ सारखे ढीग लावायचे. ढीग लावणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा, हा घरचा नियम. एका वर्षी मी माझा ढीग तुळशीच्या लग्नासाठी म्हणून पत्र्याच्या ट्रंकेत दडवला आणि चारही दिवस चुलतभावांच्या वाट्याचे फटाके उडवले. तुळशीच्या लग्नाला ट्रंक उघडली, तर निम्मे फटाके सादळलेले. काका काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी वाटणी करायला त्यांनी मला बसवलं, एवढंच.

पुढे चाळीसेक वर्षांनी, ओहायोतल्या माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये, मी पुन्हा तेच केलं. या वेळी फटाके नव्हते. पॉइंट टू-टू रायफलच्या गोळ्या होत्या. ती गोष्ट सांगायची आणि तिच्या निमित्ताने एक विनंती करायची, म्हणून हा लेख. 2024 मध्ये भाऊबीज 3 नोव्हेंबरला आणि अध्यक्षपदाची निवडणूक 5 नोव्हेंबरला होती. या देशात निवडणूक आली की गोळ्यांच्या दुकानातली फळी रिकामी होते, हे नेमबाजी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आधी एक खुलासा. आपल्या मंडळात 'बंदूक' शब्द काढला की चेहरे बदलतात, आणि ते साहजिक आहे. आपली मुलं इथल्या शाळेत गोळीबाराचा सराव म्हणून दिवे बंद करून बाकांखाली बसतात. मीही बाप आहे. कायदे कडक असावेत की सैल, हा वाद मी इथे घालत नाही. तो मतपेटीत आणि जेवणाच्या टेबलावर घालावा. मी बोलतोय तो खेळाबद्दल. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांची नावं आपण अभिमानाने घेतो, त्यांच्या खेळाबद्दल. आमच्या घरी रायफल लोखंडी कपाटात असते, गोळ्या वेगळ्या कपाटात, आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या.

माझी लेक बारा वर्षांची असताना मैत्रिणीबरोबर गावाबाहेरच्या जुन्या रायफल क्लबात गेली. बास्केटबॉलमध्ये उंचीने मार खाल्लेली मुलगी तिथे पहिल्यांदा म्हणाली, ''बाबा, इथे मला कुणी ढकलत नाही.'' सोडायला-आणायला म्हणून मी जायचो, वर्षभराने मीही शिकायला लागलो. या खेळात मुलगे आणि मुली एकाच रांगेत उभे राहतात. विद्यापीठांच्या स्पर्धांतही रायफल हा मुलामुलींचा एकत्र खेळ आहे: पॉइंट टू-टूच्या 60 गोळ्या आणि एअर रायफलचे 60 छर्रे. लेकीचं स्वप्न तेच होतं, विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची.

आता थोडा हिशेब, कारण हिशेबाशिवाय टंचाई कळत नाही. पॉइंट टू-टूच्या 50 गोळ्यांची एक डबी. अशा 10 डब्यांच्या खोक्याला इथे 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. एक वीट 500 गोळ्यांची. आमच्या क्लबात तेव्हा दहा मुलं होती. आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रत्येकी 50 गोळ्या, म्हणजे आठवड्याला हजार. पोरांना आठवड्याला दोन विटा लागत. माझ्यासारख्या हौशी माणसाला शंभर गोळ्यांत आठवडा छान जायचा.

2020 च्या वसंतात टाळेबंदी झाली, त्यानंतर उन्हाळ्यात रस्त्यांवर आंदोलनं, आणि नोव्हेंबरात निवडणूक. लोक घाबरले आणि घाबरलेल्या लोकांनी बंदुका घेतल्या. बंदूक घेताना एफबीआयकडून जी पार्श्वभूमीची तपासणी होते, तिचा आकडा 2019 मध्ये सुमारे 2 कोटी 84 लाख होता. 2020 मध्ये तो सुमारे 3 कोटी 97 लाखांवर गेला. एक तपासणी म्हणजे एक विक्री असं नसतं, पण उडी केवढी ते कळतं. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजानुसार त्या वर्षी 84 लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. प्रत्येकाने बंदुकीबरोबर गोळ्यांच्या दोनच डब्या घेतल्या असं धरा. 84 कोटी गोळ्या झाल्या. त्यात भर म्हणजे रेमिंग्टन ही जुनी कंपनी त्याच जुलैत दिवाळखोरीत गेली आणि आर्कान्सातला तिचा गोळ्यांचा कारखाना नवीन मालकाच्या हाती जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

मग मला पडलेला प्रश्न तुम्हालाही पडेल: मागणी एवढी आहे तर कारखाने वाढवत का नाहीत? कारण त्यांनी हे आधी पाहिलंय. 2008 च्या निवडणुकीनंतर झुंबड झाली. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर नवीन कायद्यांच्या धास्तीने पुन्हा झाली, आणि तेव्हा पॉइंट टू-टूची गोळी काही वर्षं धड मिळत नव्हती. मग 2016 च्या निवडणुकीनंतर भीती ओसरली आणि दुकानांत माल पडून राहिला. भीतीवर चालणाऱ्या धंद्यात कारखाना उभा राहीपर्यंत भीती संपलेली असते. म्हणून कारखानदार आहे त्याच यंत्रांवर तिन्ही पाळ्या चालवतात आणि गिऱ्हाइकांना थांबायला सांगतात.

पॉइंट टू-टूचं दुखणं आणखी वेगळं. मोठ्या रायफलची किंवा पिस्तुलाची गोळी उडाल्यावर पितळी टोपण उरतं. त्यात नवीन ठिणगीची टोपी, दारू आणि शिसं भरून हौशी लोक घरीच गोळ्या बनवतात. पॉइंट टू-टूच्या टोपणाच्या बुडाला कडेकडेने ठिणगीचं मिश्रण पसरवलेलं असतं. चापाची सुई ती कडच चेपते. एकदा चेपलं की ते टोपण कचऱ्यात. घरी भरून घ्यायची सोयच नाही, आणि बनवायची यंत्रंही वेगळी. त्यामुळे सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत लहान, पोरांच्या हातातली ही गोळी टंचाईत लवकर हरवते आणि सगळ्यात शेवटी परत येते. आमच्याकडे साधी गोळी टाळेबंदीपूर्वी पाच-सहा सेंटना मिळायची. त्या हिवाळ्यात ती पंधरा-वीस सेंटना मिळाली तर नशीब. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी वीस सेंटवरून सत्तरच्या घरात गेली.

मी काय केलं? मी इंजिनीअर माणूस, तक्ता बनवला. कुठल्या दुकानात कुठल्या वारी माल येतो ते लिहून काढलं. सकाळी सहाला कडाक्याच्या थंडीत दुकानाबाहेरच्या रांगेत उभा राहिलो. रांगेत उभं राहताना लहानपणची रॉकेलची रांग आठवली, कार्डावर मिळणारी साखर आठवली, आणि खरं सांगतो, थोडी मजाही वाटली. माणशी दोन डब्या मिळायच्या, म्हणून दुपारी दुसऱ्या दुकानात. बायको म्हणाली, ''अहो, तुम्ही आठवड्यातून एकदा जाता रेंजवर. एवढ्या कशाला?'' मी म्हणालो, ''असू देत. मिळतायत तोवर घ्याव्यात.'' प्रत्येक साठेबाजाचं वाक्य हेच असतं. बेसमेंटमध्ये विटेवर वीट चढत गेली.

फटाके सादळतात, गोळ्या सादळत नाहीत. कोरड्या, थंड जागी ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे ट्रंक उघडल्यावर शिक्षा होण्याची भीतीही नव्हती.

जानेवारी 2021 मध्ये क्लबच्या कोचची ईमेल आली. मुलांचा सराव आधी 50 गोळ्यांवरून 20 वर आणला होता. आता फेब्रुवारीपासून पॉइंट टू-टूचा वर्ग माल येईपर्यंत बंद. क्लबने पाच ठिकाणी मागणी नोंदवली होती, कुणीच तारीख देत नव्हतं. लेकीच्या बरोबरीची एक मुलगी त्या वर्षी विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना आपले गुण कळवणार होती. तिच्या आईवडिलांचं उपाहारगृह टाळेबंदीत बसलेलं. चौपट भावाने गोळ्या घेणं त्यांना शक्य नव्हतं, आणि सकाळी सहाला रांगेत उभं राहायला त्यांना वेळही नव्हता.

त्या रात्री लेक बेसमेंटमध्ये गेली. गोळ्यांच्या कपाटाची किल्ली तिला मीच दिली होती, तिची रायफल तिने स्वतः साफ करावी म्हणून लागणारं सामान त्याच कपाटात असायचं. वर आली ती हातात कागद घेऊन.

''बाबा, खाली बावीस ब्रिक आहेत.''

''हो, मग? तुझ्यासाठीच घेतल्यात.''

''अकरा हजार गोळ्या. तुम्ही आठवड्याला शंभर वापरता. म्हणजे तुम्हाला दोन वर्षं पुरतील.'' थोडं थांबून म्हणाली, ''आमच्या सगळ्या टीमला अकरा आठवडे पुरल्या असत्या.''

तिने आवाज चढवला नव्हता. नुसता भागाकार केला होता. त्या कागदावर दुसरं काही नव्हतं.

मी वाद घातला. माझे पैसे, माझी पायपीट, मी कुणाच्या हातातून हिसकावून घेतल्या नाहीत, ज्यांना हव्या होत्या त्यांनीही रांगेत यायचं होतं. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. तो कुठल्यातरी धान्याच्या व्यापाऱ्याचा वाटत होता, ज्याच्या गोदामावर आमच्या लहानपणी मोर्चे जायचे. दुसऱ्या दिवशी सोळा विटा गाडीत घालून क्लबात नेल्या. कोचने दर विचारला. मी ज्या दराने घेतल्या तोच सांगितला. वर्ग आठ आठवडे चालला, आणि त्यानंतर क्लबची स्वतःची मागणी थोडी थोडी यायला लागली. पण आधीच्या हिवाळ्यातले महिने गेले ते गेलेच. त्या मुलीने गुण कळवले ते वीस-वीस गोळ्यांच्या सरावावरचे. तिला संघात जागा मिळाली नाही. ती माझ्यामुळेच मिळाली नाही असं म्हणणं हा उलटा अहंकार होईल. पण माझ्या कपाटात बावीस विटा असताना ती मुलगी वीस गोळ्या मोजून घेत होती, हे खरं आहे, आणि मला ते माहीत होतं.

त्यानंतर मी या विषयावर पुष्कळ विचार केला, आणि मला हवं ते उत्तर आपल्याच भाषेत सापडलं. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा घरात भरतात. बेगमी करणाऱ्याला कुणी साठेबाज म्हणत नाही. का? कारण बेगमी मे महिन्यात होते, बाजार भरलेला असतो तेव्हा. घरच्या माणसांच्या तोंडांचा हिशेब करून होते. आणि बेगमी करणाऱ्यामुळे जुलैत बाजारावरचा ताण कमी होतो. साठेबाजी नेमकी उलटी. ती टंचाई दिसल्यावर सुरू होते, तिला हिशेब नसतो, आणि ती टंचाई आणखी वाढवते. किती विटा घरात आहेत हा प्रश्न दुय्यम आहे. त्या कधी घेतल्या आणि कशाचा हिशेब करून घेतल्या, हा खरा प्रश्न.

हा फरक मी मुद्दाम करतोय, कारण गंभीरपणे खेळणाऱ्याला साठा लागतोच. पॉइंट टू-टूच्या स्पर्धेच्या गोळ्या ज्या खेपेत बनतात, त्या खेपेप्रमाणे थोड्या बदलतात. एकाच कंपनीच्या दोन खेपा एकाच नळीतून वेगळ्या पडतात. म्हणून खेळाडू आपल्या रायफलला मानवणारी खेप शोधतो आणि हंगामभर पुरेल एवढी एकदम घेतो. वर्षाला दहा हजार गोळ्या झाडणाऱ्या मुलीने दहा हजार घेऊन ठेवल्या, तर ती बेगमी. वर्षाला पाच हजार झाडणाऱ्या बापाने घबराटीत अकरा हजार जमवल्या, तर ती साठेबाजी. आणि दुकानातून घेऊन तिप्पट भावाने विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या रांगेत तसेही होते.

मंडळातले काही मित्र म्हणतात, ''गोळ्या मिळत नाहीत हे बरंच आहे की! तेवढाच गोळीबार कमी.'' त्यांचा राग मला समजतो, पण हा हिशेब चुकीचा आहे. ज्याच्या मनात वाईट आहे त्याला एक डबी पुरते, आणि एक डबी त्याला कितीही टंचाईत मिळते. आठवड्याला हजार गोळ्या लागतात त्या दहा मुलांना. टंचाईत आधी बंद होतो तो त्यांचा वर्ग, जिथे त्यांना बंदूक नेहमी भरलेली आहे असं समजूनच हाताळायची, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं.

आता टंचाईने जे शिकवलं तेही सांगतो, कारण तो काळ नुसता वाया गेला नाही. गोळी महाग झाली की माणूस तिच्याकडे बघायला लागतो. कोचने मुलांना नियम घातला: गोळी सुटल्याबरोबर, दुर्बिणीतून बघण्याआधी, ती कुठे लागली असेल ते वहीत लिहायचं. मग बघायचं. अंदाज आणि छिद्र जुळलं नाही, तर पुढची गोळी भरायची नाही. आधी का चुकलं ते सांगायचं. वीस गोळ्यांना तास लागायचा. माझ्या लेकीचं म्हणणं, त्या वीस गोळ्यांनी तिला जे शिकवलं ते आधीच्या पन्नासांनी शिकवलं नव्हतं.

दुसरं, रिकाम्या रायफलचा सराव. मोठमोठे नेमबाज रोज करतात तो हाच. घरात भिंतीवर एक छोटा काळा ठिपका, अंगात जाकीट, आणि उभं राहणं, श्वास, चाप, चाप सुटल्यावरही नेम तसाच धरणं. गोळी नाही, आवाज नाही, धक्का नाही, त्यामुळे हात किती हलतो ते लपत नाही. याचे नियम मात्र कडक आहेत. त्या खोलीत एकही गोळी नसावी. नळी रिकामी आहे हे दोनदा बघावं, डोळ्यांनी आणि बोटाने. नेम अशा भिंतीकडे असावा जिच्यामागे कुणी नाही. आणि प्रत्येक पॉइंट टू-टूला रिकामा चाप चालत नाही. काहींची सुई नळीच्या कडेवर आदळून कड खराब होते. आपल्या रायफलची पुस्तिका वाचा, गरज असेल तर नकली काडतूस घालून सराव करा. रोज वीस मिनिटं पुरतात. पैसे शून्य.

तिसरं, एअर रायफल. तिच्या 4.5 मिलिमीटर छर्ऱ्यात दारू नाही, ठिणगीची टोपी नाही, म्हणून त्या टंचाईची झळ तिला फारशी लागली नाही. अंतर 10 मीटर, म्हणजे साधारण 33 फूट. आपल्यापैकी अनेकांच्या बेसमेंटची लांबी तेवढी असते. मागे छर्रे अडवणारी नीट पेटी हवी, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाण्याइतका आवाजही नाही. अभिनव बिंद्राचं 2008 चं बीजिंगचं सुवर्ण आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं 2022 चं जगज्जेतेपद याच खेळातलं. लेकीने त्या वसंतात एअर रायफलवर एवढा भर दिला, की तिचे गुण तिथेच आधी वाढले आणि मग पॉइंट टू-टूत उतरले.

भारतातल्या नेमबाजांना यातलं काही नवीन नाही. तिथे पॉइंट टू-टूच्या स्पर्धेच्या चांगल्या गोळ्या बहुतेक परदेशातून येतात. परवाना, आयात आणि खर्च या तिन्ही दारांतून जाईपर्यंत प्रत्येक गोळी मोलाची होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं ते याच परिस्थितीतून येऊन. आणि 2024 मध्ये 1 ऑगस्टला आम्ही दोघं पहाटे साडेतीनला उठून पॅरिसची अंतिम फेरी बघत बसलो होतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे, 50 मीटर थ्री पोझिशन. माझ्या लेकीचाच प्रकार. गुडघ्यावरच्या आणि झोपून मारायच्या फेऱ्यांनंतर तो मागे होता, शेवटच्या उभ्या फेरीत एकेक पायरी वर सरकला. 451.4 गुण, कांस्यपदक. लेक म्हणाली, ''बाबा, किती गोळ्या मारल्या त्याने, मोजल्यात?'' मी नव्हत्या मोजल्या. सुरुवातीच्या चाचणीच्या गोळ्या सोडल्या तर ऑलिंपिकचं पदक ठरवणाऱ्या त्या फेरीत स्वप्नीलने 44 गोळ्या झाडल्या. एक डबीसुद्धा पूर्ण नाही.

आता विनंती. ती तीन भागांत आहे.

पहिली, निवडणूक आली की काही आठवडे दुकानात जाऊ नका. निवडणुकीचा निकाल काहीही लागो, गोळ्या संपणार अशी आवई उठेल. त्यातच युक्रेनच्या युद्धामुळे तोफगोळ्यांसाठी नायट्रोसेल्युलोजची मागणी वाढलेली आहे, आणि बंदुकीची दारूही त्याचीच बनते. त्यामुळे आवईला खरेपणाचा थोडा रंगही चढेल. घरात हंगामापुरत्या असतील, तर तुम्हाला घाई नाही. नसतील, तर क्लबला विचारा. ज्या रांगेत तुम्ही उभे राहत नाही, त्या रांगेत दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचा बाप पुढे सरकतो.

दुसरी, बेगमी एकत्र करू. आपल्या भागात ज्यांची मुलं नेमबाजी शिकतात अशी मराठी घरं आता बोटांवर मोजण्यापेक्षा जास्त झाली आहेत. आपल्या आया भिशी चालवायच्या, तशी चालवू. बाजारात माल मुबलक असतो त्या महिन्यांत दरमहा थोडे पैसे जमा करायचे, आणि वर्षातून एकदा क्लबमार्फत, क्लबच्या नावाने, एकाच खेपेच्या गोळ्या घ्यायच्या. त्या क्लबच्या कपाटात राहतील, वहीत नोंद होईल. ज्याचा नंबर लागला त्याने पैसे घेऊन जायचं, हा भिशीचा नियम इथे नको. इथे ज्याची स्पर्धा आधी, त्याचा नंबर आधी. दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांनी हे करण्याआधी आपला कायदा बघावा. कॅलिफोर्नियात गोळ्या घेतानाही तपासणी होते, इलिनॉयमध्ये ओळखपत्र लागतं. ओहायोसारखं सगळीकडे नाही.

तिसरी, मुलांची फळी वेगळी ठेवा. क्लबात जेवढा माल येईल त्यातला ठरलेला भाग वर्गासाठी बाजूला काढायचा आणि मोठ्यांनी उरलेल्यात भागवायचं. आमच्या क्लबाने 2021 च्या उन्हाळ्यात हा नियम केला. तेव्हा क्लबच्या सभेत हात वर करायला मला थोडा वेळ लागला, पण केला.

''मला काय त्याचं? माझी मुलं नेमबाजी करत नाहीत,'' असं म्हणून तुम्ही इथपर्यंत वाचत आला असाल, तर तुम्हालाही हे लागू आहे. मार्च 2020 मध्ये टॉयलेट पेपरच्या फळ्या कुणी रिकाम्या केल्या होत्या? इंडियन स्टोअरमधलं कणकेचं शेवटचं पोतं एकेका गाडीत तीन-तीन का गेलं होतं? 2023 च्या जुलैत भारताने बासमती सोडून बाकी पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा एका दुपारी सोना मसूरीच्या पिशव्या रचून नेणाऱ्यांत आपलीच माणसं होती. टंचाईत वाढलेल्या पिढीचे आपण. रांगेत उभं राहायला आपल्याला लाज वाटत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण रांगेत आपल्यामागे कोण उभं आहे ते वळून बघायचं आपण विसरतो. इथे जन्मलेल्या माझ्या लेकीने रॉकेलची रांग कधी पाहिली नाही. भागाकार मात्र तिनेच केला.

ती आता विद्यापीठात आहे, संघात. दिवाळीला घरी येणार आहे. बेसमेंटमध्ये यंदा दहा विटा आहेत, जून महिन्यात घेतलेल्या, दोघांच्या हंगामाच्या हिशेबाने. ती खाली जाऊन मोजणार हे मला माहीत आहे. मोजू दे.